सायकल देणे आणि सायकल शिकविणे

जून महिन्यात शाळा उघडते, वह्यापुस्तकांची खरेदी आटोपते आणि नववीच्या मुलींच्या घरी एक प्रश्न हटकून निघतो : यंदा सायकली केव्हा मिळणार? गुजरात सरकारच्या ‘सरस्वती साधना योजने’त नववीत प्रवेश घेणाऱ्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मागासवर्गीय मुलींना विनामूल्य सायकल मिळते. योजना उत्तम आहे. तिच्याविषयी आम्हांस कोणतीही तक्रार करावयाची नाही. परंतु सायकल घरी आल्यानंतर तिचे पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. वार्षिक अंकाच्या निमित्ताने तो प्रश्न आम्ही विचारू इच्छितो, कारण त्याचे उत्तर सरकारपेक्षा शाळेच्या हाती अधिक आहे.

लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत सकाळच्या वेळी फेरफटका मारावा. जिन्याखाली साखळदंडाने बांधलेली, हँडलावर पिशव्या टांगलेली, टायरांतील हवा गेलेली सायकल पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडते. काही घरी ती थोरला भाऊ वापरतो, काही घरी वडील तिच्यावरून लूमच्या खात्यावर जातात. ज्या मुलीच्या नावे ती मिळाली ती मात्र मैत्रिणींबरोबर पायी शाळेत येते, नाही तर रिक्षाच्या पुढच्या बाकावर अंग चोरून बसते. यात घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. घरात चालते वाहन एकच असेल तर ज्याला ते चालविता येते तोच ते नेणार. मुलीला सायकल येत नाही आणि ती कोणी शिकवावी याची सोय नाही, हेच खरे दुखणे आहे. वडिलांची पाळी बारा तासांची. आई साड्यांना लेस लावण्याच्या किंवा टिकल्या चिकटविण्याच्या कामाला बसलेली. भावाला धीर नाही. आणि दारापुढील गल्लीत तीन ओळींनी दुचाकी उभ्या. तिने शिकावे कोठे आणि कोणाकडे?

आमच्या मते सायकल चालविण्याचे शिक्षण हे शाळेचे काम आहे. कवाईत, खेळ, चित्रकला यांप्रमाणे त्याला आठवड्याच्या वेळापत्रकात जागा मिळाली पाहिजे. आणि ते ज्यांच्या घरी अंगण आहे त्यांच्यापुरते न राहता सर्वांना मिळाले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, आम्हांला कोणी शिकविले होते? प्रश्न रास्त आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने सायकल शिकली ती तासाच्या भाड्याने. कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या माणसांची उंच सायकल आणावयाची, प्रथम एक पाय पॅडलवर ठेवून लंगडत न्यावयाची, मग दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल, मग दांडीवरून आणि सरतेशेवटी सीटवर. गुडघे फुटत, घरी बोलणी बसत, तास संपण्यापूर्वी सायकल परत करण्याची घाई होई. खानदेशातून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आलेल्या अनेक पालकांनी आपल्या गावी ती अशीच शिकली असेल. परंतु तेथे रस्ताही दयाळू होता. समोरून आली तर बैलगाडी, आडव्या आल्या तर दोन शेळ्या. तोल गेलाच तर बाजूच्या शेतातील भुसभुशीत माती झेलून घेई. आणि त्या काळीसुद्धा भाड्याच्या सायकलीचे दुकान हे मुलांचे राज्य होते. मुलींनी त्या पायरीपाशी उभे राहण्याचीही रीत नव्हती, ही गोष्ट जुन्या आठवणी काढताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

आज उधना दरवाज्यापाशी उभे राहून पाहावे. कापडाच्या ताक्यांनी वर आलेले टेम्पो, सिटी बस, रिक्षा, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि या सर्वांमधून वाट काढणारा सातवी-आठवीतला एखादा सायकलस्वार. त्याला तोल उत्तम साधलेला असतो. एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने तो केसही सारखे करतो. पण रस्ता त्याला शिकविलेला नसतो. तोल सांभाळणे आणि रस्ता वाचणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिली बहुतेक मुले धडपडत आपली आपण मिळवितात. दुसरी धडपडत मिळवू गेले तर त्याची किंमत गुडघ्यावरील खरचटण्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४१,००० सायकलस्वार रस्त्यावर प्राणास मुकतात. नदीकाठच्या गावांत मुलाच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून त्याला पोहावयास शिकवीत. भोपळा सोडण्यापूर्वी कोणी तरी जाणता पाण्यात उभा असे. रस्त्याच्या पाण्यात मात्र आपण मुलांना भोपळ्यावाचून सोडून दिले आहे.

आपल्याच देशातील एक उदाहरण येथे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ते आमच्या म्हणण्याचा कणा आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टई हा कोरडवाहू, गरीब जिल्हा. तेथे १९९१ च्या सुमारास ‘अरिवोळि इयक्कम’ या नावाची साक्षरतेची चळवळ सुरू झाली. शीला राणी चुंकत या त्या वेळी जिल्हाधिकारी होत्या. बायकांना अक्षरओळख करून द्यावयाची, तर त्यांना वर्गापर्यंत येता आले पाहिजे. बाजार, दवाखाना, बँक या ठिकाणी कोणावर विसंबून न राहता जाता आले पाहिजे. म्हणून त्यांनी सायकल शिकणे हा साक्षरतेचाच भाग मानला. ही कल्पना वाटते तितकी साधी नाही. अक्षर ओळखणारी परंतु गावाबाहेर एकटी न जाऊ शकणारी स्त्री अर्धीच साक्षर, असा तिचा अर्थ होतो.

मग गावोगाव सायकल शिकविण्याची शिबिरे भरली. शेतमजुरी करणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, बालवाडीत शिकविणाऱ्या, आरोग्यसेविका, खड्यांना पैलू पाडणाऱ्या अशा सर्व थरांतील बायका तेथे आल्या. (खड्यांना पैलू पाडण्याचा उल्लेख आला की सुरतेच्या वाचकाचे कान टवकारणारच!) ज्या आधी शिकल्या त्यांनी पुढच्यांना शिकविले. सायकली घेण्यासाठी बँकांनी कर्जे द्यावीत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी पाठपुरावा केला. बायकांच्या सायकली दुकानांत मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. त्यांतील काहींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण दांडीवर मूल बसविता येते! १९९२ च्या जागतिक महिलादिनी दीड हजारांहून अधिक स्त्रियांनी सायकलींवरून आपले कौशल्य लोकांपुढे दाखविले. पत्रकार पी. साईनाथ यांनी या साऱ्याचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. थोड्याच अवधीत त्या एका जिल्ह्यात सुमारे एक लाख ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुदुकोट्टईत आरंभ सायकल वाटण्यापासून झाला नाही. तो शिकविण्यापासून झाला. एकदा शिकल्यावर सायकल कशी मिळवावयाची याचा मार्ग त्या बायकांनी शोधला. आपल्याकडे क्रम उलटा आहे.

वाटपानेही काम होते, हे आम्ही नाकारीत नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास प्रारंभ केला. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी या योजनेचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्के वाढ झाली, मुलगे आणि मुली यांमधील अंतर ४० टक्क्यांनी घटले, आणि जेथे शाळा तीन किलोमीटर वा अधिक दूर होती तेथे लाभ विशेष दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. मात्र खेडेगावच्या मोकळ्या वाटेवर पाच-सहा मुली मिळून गेल्या तर वाटच त्यांना बरेच शिकविते. सुरतेच्या रस्त्याला एवढी सवड नाही. म्हणून शहरातील मुलीला सायकलीबरोबर आणखी काही तरी द्यावे लागते, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

परदेशांत ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. इंग्लंडमध्ये १९४७ साली मुलांच्या सायकल-प्रावीण्याची परीक्षा सुरू झाली आणि १९५८ पासून ती सरकारी साहाय्याने देशभर घेतली जाऊ लागली. २००७ पासून तिची जागा ‘बाइकॅबिलिटी’ या शिक्षणक्रमाने घेतली आहे. त्याचे तीन टप्पे असतात : पहिला मैदानात, दुसरा शांत रस्त्यावर शिक्षकासह, तिसरा रहदारीच्या रस्त्यावर. हॉलंडमध्ये प्राथमिक शाळा सोडण्याच्या सुमारास, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांची, रहदारीची लेखी परीक्षा होते; पुष्कळ ठिकाणी गावातील खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून दाखविण्याचीही होते. आपल्याकडे अकरा वर्षांच्या मुलाला लसावि-मसावि येतो की नाही हे आपण तीनतीनदा तपासतो. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या अंगाला कधीही उभे राहू नये, हे त्याला ठाऊक आहे की नाही हे मात्र एकदाही विचारीत नाही.

शिकवावयाचे ते काय, असे सहकारी शिक्षक विचारतील. ते फार नाही, पण नेमके आहे. ज्याला तोलच साधत नाही त्याच्या सायकलीची दोन्ही पॅडले काढावीत आणि सीट इतकी खाली करावी की बसल्या जागी दोन्ही पाऊले जमिनीला पुरती टेकतील. मग पायांनी ढकलत ढकलत, किंचित उतार असेल तर फारच चांगले, पुढे घसरत जावयाचे. नजर चाकावर न ठेवता दूर समोर. तोल येऊ लागला म्हणजे पॅडले पुन्हा लावावीत. या रीतीने पडण्याचे प्रसंग पुष्कळ टळतात आणि मागून कॅरिअर धरून धावण्याची कोणावर पाळी येत नाही. (डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते काढताना पाना उलट्या बाजूस फिरवावा लागतो. हे माहीत नसलेल्या पुष्कळ उत्साही पालकांनी आटे मोडून ठेवले आहेत.) तोलानंतर थांबणे : दोन्ही ब्रेक एकत्र, मागचा किंचित अगोदर, केवळ पुढचा एकदम दाबला तर स्वार हँडलावरून पुढे जातो. त्यानंतर एका हाताने चालविणे, कारण हात दाखविल्याविना वळता येत नाही. आणि वळण्यापूर्वी मागे वळून पाहणे, पण पाहताना सरळ रेषा न सोडणे. हे शेवटचे सर्वांत कठीण. मैदानात चुन्याची एक रेघ आखावी आणि मुलांना मागे पाहत तिच्यावरून चालवावयास सांगावे. वर्गातील सर्वांत धीट मुलगासुद्धा पहिल्या दिवशी रेघ सोडतो.

यापुढचा भाग रस्त्याचा. उभ्या मोटारीच्या अगदी जवळून जाऊ नये, कारण तिचे दार अकस्मात उघडते. चौकात उजवीकडे वळणे जमत नसेल तर खाली उतरावे आणि सायकल हातात धरून पादचाऱ्यासारखे ओलांडावे. त्यात कमीपणा नाही. रात्री मागे तांबडा दिवा किंवा चकाकणारी पट्टी हवीच. आणि सुरतेपुरता एक धडा वेगळा : उत्तरायणाच्या आधीचे व नंतरचे काही दिवस मांज्याच्या भयामुळे सायकल घरीच ठेवावी. बाहेर पडणे भाग असेल तर गळ्याला जाड रुमाल गुंडाळावा.

आता आक्षेप. पहिला आक्षेप भीतीचा, आणि तो आम्ही हलका लेखीत नाही. ‘मास्तर, तुम्ही शिकवाल आणि पोर रस्त्यावर जाईल, उद्या काही झाले तर?’ असे आई म्हणते तेव्हा तिला आकडे सांगून गप्प करण्यात शहाणपण नाही. रस्ते सुरक्षित नाहीत, हे तिचे म्हणणे खरेच आहे. केवळ शिक्षणाने ते सुरक्षित होणारही नाहीत. ज्या हॉलंडचे उदाहरण आम्ही वर दिले तेथेही १९७१ साली रस्त्यावरील अपघातांत ४०० हून अधिक मुले दगावली होती. तेव्हा पालक चिडून रस्त्यावर आले, मोठी चळवळ झाली, आणि त्यानंतर तेथील रस्त्यांची रचना हळूहळू बदलत गेली. आपल्या शहरात २०१४ पासून बीआरटीएसच्या बसगाड्या धावू लागल्या आणि त्यांच्या काही मार्गांलगत सायकलींसाठी पट्टे राखले गेले. त्या पट्ट्यांवर दुचाक्या आणि हातगाड्या उभ्या असतील तर ते रिकामे करून देणे हे महापालिकेचे आणि पोलिसांचे काम आहे, आठवीतल्या मुलाचे नव्हे. पालकांनी तसे लेखी मागावे. आम्ही शिक्षक त्या अर्जावर आनंदाने सही करू. परंतु रस्ता सुधारेपर्यंत शिकवू नये, हा निष्कर्ष आम्हांस पटत नाही. मुले आजही रस्त्यावर आहेतच. न शिकता आहेत, एवढेच.

शिवाय सायकल नाकारली म्हणून मूल घरी बसत नाही. ते मोपेडवर बसते. नववी-दहावीतील मुलगे वडिलांची गाडी घेऊन शिकवणीला जाताना आपण पाहतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांना ही वाहने चालविण्याची मुभा नाही, ५० सी.सी. पर्यंतच्या छोट्या दुचाकीसाठीही १६ वर्षे पूर्ण आणि परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ज्या घरांतून सायकलीला ‘धोकादायक’ म्हणून नकार मिळतो त्यांतीलच काही घरांतून मोपेडची किल्ली सहज मिळते, हे कोडे आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

दुसरा आक्षेप कुजबुजीने येतो : मुलीच्या जातीला हे हवे कशाला? याला उत्तर देण्यात आम्ही फार शाई खर्चणार नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलीवरून सुमारे २९,००० किलोमीटर अंतर तोडून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. आपल्या मुलींना एवढे लांब जावयाचे नाही. त्यांना डिंडोलीहून शाळेपर्यंत आणि अकरावीत कॉलेजपर्यंत जावयाचे आहे. दहावीनंतर जवळपास मराठी माध्यम नाही, कॉलेज दूर आहे, रिक्षाचे भाडे परवडत नाही, या तीन कारणांनी किती मुलींचे शिक्षण थांबते हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. प्रत्येकाच्या नात्यात एखादी तरी आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच बांधवांचा : वेळ कोठे आहे, मैदान कोठे आहे? दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेत वेळ आणि जागा दोन्हींची टंचाई आहे, हे आम्ही रोज भोगतो. तथापि शनिवारी सकाळी एक तास, असे आठ शनिवार, दिवाळीची सुट्टी संपल्यापासून उत्तरायणापूर्वीपर्यंत, थंडीच्या दिवसांत, एवढेच आम्ही मागत आहोत. ज्या शाळेला मैदान नाही तिने भोवतालच्या पार्टी-प्लॉटकडे पाहावे. रात्री तेथे वरातीचा बँड वाजतो. सकाळी तेथे मांडवाच्या खांबांखेरीज कोणी नसते. मालकांना विनंती केली तर एक तास जागा देण्यास ते नकार देतील असे वाटत नाही. सायकली सहा-आठ पुरतात, कारण एक मूल चालवीत असता दुसऱ्याने पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. रविवारी पहाटे डुमस रस्त्यावर भारी किमतीच्या सायकली घेऊन जाणारी मंडळी आपल्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्या छंदाचे आम्हांस कौतुक आहे. त्यांतील दोघाचौघांनी एका हिवाळ्यातले शनिवार पांडेसऱ्याच्या मुलांना दिले तर शिक्षकांचा निम्मा भार हलका होईल. रहदारीच्या पोलिसांना एका दिवसासाठी बोलावता येईल. शेजारच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानदाराने एक तास येऊन हवा, ब्रेक आणि चेन कशी तपासावी हे दाखविले तर ते आमच्या दहा व्याख्यानांहून मोलाचे होईल. त्याला चहाबरोबर योग्य मोबदलाही द्यावा, फुकट राबवू नये.

पालकांपाशी एवढेच मागणे आहे. ज्यांच्या घरी योजनेतील किंवा अन्य सायकल पडून आहे त्यांनी ती आठ शनिवारांपुरती शाळेत आणून द्यावी. ती कोणी पळविणार नाही, उलट तिच्या टायरांत हवा भरून परत येईल. मुलींना त्या दिवशी ओढणीऐवजी खेळाचा गणवेश घालून पाठवावे, कारण ओढणी चेनमध्ये अडकते. हेल्मेट ज्यांना घेणे शक्य आहे त्यांनी घ्यावे. इतरांसाठी शाळेने चार घेऊन ठेवावीत आणि आळीपाळीने द्यावीत.

पहिल्या तुकडीत ज्या मुलींच्या घरी सायकल आहे आणि ज्यांना ती चालविता येत नाही त्यांचीच नावे घ्यावीत, अशी आमची सूचना आहे. मुलगे थोडे कुरकुरतील. त्यांना रेघ आखण्याचे आणि पॅडले काढण्याचे काम द्यावे.